एक ओळ जास्त

चिठ्ठी नेहमीसारखीच होती. पिवळ्या कागदाचा पाव ताव, वर पानाचा आकडा आणि खाली पडताळणीच्या बाईंचं मुंग्यांची रांग लागावी तसं बारीक अक्षर. "पान एकेचाळीस, ओळ बारा. दोन प्रतींत तफावत. एका प्रतीत प्रार्थनेनंतर एक पूर्ण ओळ जास्त. मुळात नाही. आजच्या बैठकीत घ्यावे." अशा चिठ्ठ्या मला आठवड्याला दहा-पंधरा येतात आणि मी त्या चहा पिता पिता निकालात काढते. आमचं कामच तसलं आहे. बायबलच्या एका जुन्या ग्रीक हस्तलिखिताची छायाचित्रं दोन माणसांना दिली जातात. दोघं एकमेकांचं न बघता अक्षर न् अक्षर उतरवून काढतात. मग बाई त्या दोन प्रती समोरासमोर धरतात, जिथं फरक दिसेल तिथं मूळ पान बघतात आणि दोघांनाही एकच चिठ्ठी पाठवतात. प्रतींवर नावं नसतात, नुसतं एक आणि दोन. कोण एक आणि कोण दोन ते फक्त बाईंना ठाऊक, आणि बाई ते मरेपर्यंत कुणाला सांगायच्या नाहीत. आम्ही त्यांना पाठीमागे चाळणी म्हणतो. त्यांनाही ते माहीत आहे, आणि मला वाटतं, आवडतंही. तर चिठ्ठी वाचून मी आधी हसले. प्रार्थनेनंतर एक ओळ जास्त! म्हणजे दुसरी प्रत करणारे आमचे पाद्रीबुवा सापडले. मनात म्हटलं, बरे वेळेवर सापडले. मग सहज, नुसतं सहज, माझी स्वतःची प्रत उघडून पान एकेचाळीस काढलं आणि हातातला कप टेबलावर ठेवावा लागला.

ओळ माझ्या प्रतीत होती.

मी छायाचित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. शाई उडाली असेल, कुणी खरवडली असेल, चामड्याच्या पानाला सुरकुती आली असेल, असं काहीतरी असणारच. काही नव्हतं. येशूनं शिष्यांना शिकवलेली ती 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' प्रार्थना बाराव्या ओळीच्या मध्यावर संपत होती आणि पुढे अर्धी ओळ कोरी होती. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुणा लेखनिकानं तिथं हात थांबवला होता आणि पुढचं वाक्य नव्या ओळीवर घेतलं होतं. त्या कोऱ्या जागेत मी एक अख्खी ओळ लिहिली होती. चुकून एखादं अक्षर नव्हे, एखादा शब्दही नव्हे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका अक्षराची चूक नाही अशी सुबक ओळ. 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव सदासर्वकाळ तुझंच आहे.' ही ओळ कुठली ते आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. सगळ्यात जुन्या प्रतींत त्या प्रार्थनेला हा शेवट नाही, तो पुढे कधीतरी देवळात म्हणता म्हणता जोडला गेला. लेखनिकाला प्रार्थना रोजची पाठ असते, डोळा पानावर असतो, पण हात जिभेमागे धावतो, आणि पानावर नसलेलं कागदावर येतं. हे मी पंचवीस वर्षं शिकवत आले आहे. फळ्यावर काढून दाखवते. मुलं हसतात, मीही हसते. बिचारा भाविक लेखनिक, असं म्हणते.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बैठक साडेअकराला. विषय एकच होता, या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूचरित्राच्या, खंडाचं संपादन पाद्रीबुवांना द्यायचं की नाही. पाद्रीबुवा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो पाद्री वगैरे काही नाही. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, दोन मुलींचा बाप. दर रविवारी कुठल्याशा छोट्या चर्चमध्ये उभा राहून प्रवचन देतो, आणि ते लपवत नाही एवढाच त्याचा गुन्हा. आमच्याकडे श्रद्धा असलेली माणसं पुष्कळ आहेत, पण ती माणसं श्रद्धा रेनकोटासारखी बाहेरच्या खुंटीला टांगून आत येतात. हा अंगात घालून येतो. अकरा वर्षं तो दुसऱ्यांच्या खंडांवर हमाली करतो आहे. हा खंड मिळाला तर त्याची नोकरी पक्की होते, नाही मिळाला तर जूनमध्ये त्याची मुदत संपते. आणि तो मिळू नये असं लेखी मत पंधरा दिवसांपूर्वी मी दिलं होतं. पाऊण पानाचं, अत्यंत सभ्य. माणूस उत्तम आहे, भाषा उत्तम आहे, पण ज्याला मजकूर पवित्र वाटतो त्याचा डोळा पानावर नसलेलं वाचतो, आणि हे त्यालाही कळत नाही. शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवर खूष झाले होते.

मला त्याच्याबद्दल राग नव्हता. उलट तो मला आवडतो. माझ्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालतो, माझा चष्मा हरवला की सापडवून देतो. पण तरुणपणी मी याच प्रश्नावर नाव कमावलं होतं. सव्विसाव्या वर्षी एक लेख लिहिला, डोळ्याला धर्म नसतो असा. श्रद्धा बाजूला ठेवता येते, नव्हे, ठेवावीच लागते, आणि ज्याला ठेवता येत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा. केवढं कौतुक झालं! म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पाठ थोपटली. मी त्या काळात विभागात एकटी बाई होते, त्यातून धुलाईखान्यात इस्त्री करणाऱ्या भाविक बाईची मुलगी. सगळे वाट बघत होते की हिच्या लिहिण्यातून कुठेतरी उदबत्तीचा नाहीतर मेणबत्तीचा वास येईल. मी येऊ दिला नाही. देवाचं नाव निघालं की सगळ्यात आधी विनोद मी करायची. लोक श्रद्धा पाळतात तशी मी अश्रद्धा पाळली, डोळ्यात तेल घालून. आणि आता ही ओळ. मी खुर्चीत बसून ती पुन्हा पुन्हा वाचत होते. पकडले गेल्याची भीती होतीच, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हे होतं, की ती लिहिताना मी कुठे होते? फाइलीवर दिवस आणि वेळ होती. मार्चचा मंगळवार, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. मला तो दिवस आठवत होता. काम झरझर चाललं होतं, ऊन टेबलावर आलं होतं, आणि मला बरं वाटत होतं. इतकंच.

सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. सव्वाआठला आई कामाला निघायची. त्याआधी माझी वेणी. मी स्टुलावर, आई मागे उभी, समोर भिंतीवर काही नाही, नुसता चुन्याचा एक पोपडा. आई वेणी घालता घालता ती प्रार्थना म्हणायची, कारण तिला त्या घाईत देवासाठी वेगळा वेळ नव्हता. एक पेड, एक वाक्य. केस ओढले जायचे, मी ओरडायची, आई न थांबता पुढचं वाक्य म्हणायची. तिच्या हातांना इस्त्रीच्या कापडाचा करपट, स्वच्छ वास यायचा. वेणी शेवटाला आली की तिला दोन्ही हातांनी टोक धरून ठेवावं लागायचं आणि रबर ती दातांत धरायची. तोंड बंद. म्हणून प्रार्थनेचा शेवट मी म्हणायचा. तेवढी एक ओळ. मी म्हटली की आई दातांतून रबर काढायची, दोन फेरे द्यायची आणि मग म्हणायची, "आमेन. पळ आता." कधी मुद्दाम खोड काढायला मी गप्प राहायची. आई तशीच उभी राहायची, वेणी हातात, रबर दातांत, आणि नाकातून हूं हूं करायची. दादा दाराशी दप्तर घेऊन ओरडायचा, "म्हण की गं माझे आई, शाळा सुटेल!" मग मी म्हणायची. दहा वर्षं, रोज. हिशेबानं किती वेळा झालं ते मी त्या सकाळी टेबलावर बसून मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. माझ्या डोळ्याला धर्म नसेलही. हाताला वेणी होती.

आणि गंमत बघा, आईची ती ओळ मी आईला न येणाऱ्या भाषेत लिहिली होती.

पायानं दार ढकलत पाद्रीबुवा आत आला, दोन चहा घेऊन. त्याच्या शर्टाच्या खिशातून पिवळ्या चिठ्ठीचा कोपरा दिसत होता. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. चिठ्ठी दोघांनाही जाते. त्याच्या प्रतीत ओळ नाही हे त्याला माहीत आहे. म्हणजे ती कुणाच्या प्रतीत आहे हेही त्याला माहीत आहे.

"साखर कमीच घातलीय," तो म्हणाला. "तुमचं आधीचं गार झालेलं दिसतंय."

"एकेचाळीस पान तू कसं उतरवलंस?" मी विचारलं. आवाज मास्तरणीचाच निघाला.

तो थोडा ओशाळला. "हसाल तुम्ही."

"सांग तर."

"खालून वर. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. पानाची मोठी छापील प्रत काढतो, तिच्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवतो आणि एकेक ओळ वर सरकत जातो. इतर पानं सरळच करतो हो. पण जी पानं मला पाठ आहेत ती सरळ केली तर मी वाचतच नाही, नुसता म्हणत सुटतो." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "माझा काय भरवसा, मॅडम? माझा जीव आहे त्या पानावर. म्हणून पहारा बसवलाय."

पुष्कळ वेळ लागला त्या पानाला, पाच दिवस, असं तो सांगत होता. मी ते चाळीस मिनिटांत केलं होतं. माझ्यावर पहारा नव्हता, कारण माझ्या मते घरात चोरी होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो खिडकीतल्या कुंडीची माती बोटानं चाचपून बघत होता. चिठ्ठीबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं आता म्हणेल, आता म्हणेल. तो म्हणाला, "पाणी जास्त झालंय हिला. तीन दिवस घालू नका," आणि दोन्ही कप घेऊन गेला.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल आहे आणि एक खिडकी, ती उघडत नाही. विभागप्रमुख मधोमध बसतात. भला माणूस, वाद नको असतात त्याला. उजवीकडे दोन बाहेरचे तज्ज्ञ, टोकाला चाळणीबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझी जागा खिडकीशी, पाद्रीबुवाची समोर. माझ्या मनात आईचं आजारपण का यावं तेव्हा, मला माहीत नाही. पण प्रमुख प्रास्ताविक करत होते आणि मी त्या दवाखान्यातल्या दुपारी होते. आईचे केस तिथल्यांनी कापून खांद्यापर्यंत आणले होते. मी ते विंचरत होते. आता स्टुलावर नव्हे, खाटेवर, आई बसलेली आणि मी मागे. चार बोटांची वेणी होत होती जेमतेम. आई हळूहळू, दम घेत, ती प्रार्थना म्हणायला लागली. शेवटापर्यंत आली आणि थांबली. दातांत काही नव्हतं. नुसती थांबली.

मी गप्प.

"विसरलीस?" आईनं विचारलं.

"नाही गं."

"मग?"

तेव्हा माझा दुसरा ग्रंथ छापखान्यात होता. मी म्हणाले, "आई, जुन्या प्रतींत ती ओळ नाहीये. नंतर कुणीतरी घातलीय."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. उलट नवल वाटल्यासारखं, लेक किती शिकली असं काहीसं. "असेल," ती म्हणाली. "आपल्यात आहे."

मी तरी गप्प. चाळीस वर्षांची बाई, काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, आता म्हटली तर ते खोटं होईल, आजारी माणसाची समजूत घालणं होईल, आणि आईशी मी कधी खोटं बोलले नव्हते. आज वाटतं ते सगळं थोतांड. मला भीती वाटली होती की म्हणताना माझा आवाज फुटेल. आईनं स्वतःही म्हटली नाही. मी म्हटलं, "तू म्हण ना, पुरी कर." तर म्हणाली, "तुझी आहे ती. मी कशाला म्हणू?" मग ती जरा वेळ तशीच बसून राहिली, वाट बघत, जशी रबर दातांत धरून बघायची तशी. नंतर दमली आणि आडवी झाली. चार दिवसांनी गेली. तेरा वर्षं झाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, दादालाही नाही.

"तर ही चिठ्ठी," प्रमुख म्हणत होते. त्यांनी पिवळा कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. "योगायोग बघा. मॅडमनी पंधरा दिवसांपूर्वी जे लिहून दिलं, त्याचा जणू पुरावाच आज समोर आला. प्रार्थनेचा पाठ असलेला शेवट, मुळात नसताना, घातला गेला आहे." मग ते पाद्रीबुवाकडे वळले. अतिशय मवाळपणे, म्हणजे जास्तच दुखेल असं बोलले. "यात कमीपणा काही नाही. माणसाचं मन आहे. पण संपादनाची जबाबदारी वेगळी, हे तुम्हालाही पटेल."

बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एकानं मान डोलावली. चाळणीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच कागदात डोकं घातलं. त्यांना नियम होता. पाद्रीबुवाला कसलाच नियम नव्हता. एक वाक्य बोलला असता, ती प्रत माझी नाही, की काम झालं असतं. तो टेबलावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत बसला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोन मुलींची फी, जूनची मुदत, अकरा वर्षं, आणि हा मूग गिळून गप्प, कशासाठी? तर माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून. मला त्याचा भयंकर राग आला. असल्या चांगुलपणाचा फार राग येतो मला, आपल्याला त्याचं ओझं उचलावं लागतं. खोलीत कुणी बोलत नव्हतं. एखाद दोन श्वासांइतकीच ती शांतता असेल. पण मला ती ओळखीची होती, पाठीमागे कुणीतरी माझे केस ताणून धरून उभं राहिल्यासारखी.

"ती प्रत माझी आहे," मी म्हणाले.

प्रमुखांना कळलं नाही. "कुठली?"

"ओळ जास्त असलेली. ती मी लिहिली. त्यांची प्रत स्वच्छ आहे. बाईंना विचारा."

चाळणीबाई वर न बघता म्हणाल्या, "पहिली प्रत. बरोबर." त्यांचा आवाज अगदी हलका लागला, ओझं उतरल्यासारखा.

मग मी बोलत गेले, लिहून न आणलेलं, आणि मी लिहून न आणता कधी बोलत नाही. म्हणाले, मी मत दिलं होतं की श्रद्धावानाला आपला डोळा कुठे घसरतो ते कळत नाही. चुकलं माझं. यांना कळतं. पान खालून वर उतरवतात हे, पाच-पाच दिवस. मला कळलं नाही, कारण माझ्यात घसरण्यासारखं काही नाही अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीची पडताळणी मी कधीच केली नाही. माझं मत मी परत घेते. खंड यांना द्या, आणि माझी दोनशे बारा पानं पुन्हा तपासायला लावा. प्रमुखांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. माझा आवाज फुटला होता हे त्यावरून मला कळलं.

खंड त्याला मिळाला. फार चर्चा झाली नाही. बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एक जाता जाता म्हणाला, आमच्याही कुणाकुणाचं असं होतं हो, आणि भलतीकडे बघू लागला. माझा सव्विसाव्या वर्षीचा लेख आता कुणी उघडणार नाही असं नाही, पण उघडला तर मलाही त्यात दुरुस्ती सुचवायची आहे. त्याची मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच एका गोष्टीची वाटते, की ज्या बाईनं मला ती ओळ दिली तिला मी ती तेवढी एक वेळ परत दिली नाही.

दुपारी पाद्रीबुवानं पुठ्ठ्याची पट्टी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आपली जुनी, कडा मऊ झालेली. "नवी कापून देतो उद्या," म्हणाला. मी विचारलं, "का बोलला नाहीस?" तर म्हणाला, "तुम्ही बोलणार हे मला माहीत होतं." मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." त्याला हसू आलं. मग तो आपल्या जागेवर बसला आणि मी पान एकेचाळीस घेतलं, तळापासून. शेवटची ओळ, मग तिच्या वरची. असं उतरवताना मजकुराला काही अर्थ राहत नाही. प्रत्येक अक्षर परकं, नुसतं शाईचं. आईचा आवाज त्यात कुठेही नव्हता. काम चोख होत होतं आणि मला एकटं वाटत होतं. बाराव्या ओळीपाशी पोचले तेव्हा पट्टीच्या वर आधी ती कोरी अर्धी ओळच डोळ्यात भरली. कोरी जागासुद्धा आमच्यात नोंदवायची असते. मी फाइलीतली ती जास्तीची ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, रिकामी जागा, सुमारे अकरा अक्षरं. खरं तेच लिहिलं.

मग मी ती ओळ म्हटली. मोठ्यानं नाही, पण ओठातल्या ओठातही नाही. आमच्या घरच्या भाषेत, शाळकरी पोरगी घाईत म्हणते तशी, शेवटचे शब्द एकमेकांत घुसवत. देव आहे की नाही हे मला काल माहीत नव्हतं तसंच आजही माहीत नाही. पण आई थांबली होती, आणि पाळी माझी होती. शेजारच्या टेबलावर पाद्रीबुवाची पेन्सिल थांबली. त्यानं वळून पाहिलं नाही, काही विचारलं नाही. जरा वेळानं पेन्सिल पुन्हा सुरू झाली, आणि मी पट्टी एक ओळ वर सरकवली.